मामांची पिहरी आणि एफ-सोळा

आधीच सांगून टाकते, भुताच्या गोष्टी वाचल्या की मला उलट छान झोप लागते. आमचं घर मूळ नागपूरकडचं, आता जबलपूरचं, बौद्ध. दाराला लिंबू-मिरची बांधायचं नुसतं नाव काढलं तरी बाबा अर्धा तास बोलतात. मनोहरमामा तर त्यांच्याही वरचढ. जबलपुरातल्या रांझी भागातल्या विहारात पौर्णिमेला अंधश्रद्धेवर त्यांचं भाषण ठरलेलं असतं. आणि नेमका त्यांनाच हा अनुभव यावा... असो.

मी एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल कोडर आहे. डॉक्टरांनी फाइलमध्ये जो आजार लिहिला असेल, त्याला जगभर चालणाऱ्या यादीतला कोड लावायचा, हे माझं काम. त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही. शंका आली तर डॉक्टरांना विचारायचं – आणि तेही असं, की प्रश्नातून उत्तर सुचवलं जाता कामा नये.

गेल्या पावसाळ्यात मामा मूतखड्यासाठी आमच्याकडेच भरती झाले. दुसरी कोडर बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून त्यांची फाइल माझ्यापुढे आली. मूतखड्याचा कोड लावला. त्याखाली डॉक्टरांनी लिहिलं होतं – भास घडवणाऱ्या पदार्थाचं व्यसन. कोड एफ-१६.२.

मी फाइलवरचं नाव पुन्हा वाचलं. ज्या माणसाला सुपारी चालत नाही, तो?

धावत वॉर्डात गेले. मामा पलंगावर मांडी घालून बसले होते, चेहरा पार उतरलेला.

"मामा, डॉक्टरांना काय सांगितलं तुम्ही?"

"जे दिसलं ते सांगितलं," मामा हळूच म्हणाले. "रोज जेवाच्या वेळी एक बुढा येऊन राहिला इथं. खांद्यावर कंबल. माझ्या डब्यात वाकून पाहते, आन म्हणते – नमक कम है, भैया. मंग दिसत नाही."

"भूत?"

"चूप! भूत नसते." मामांनी इकडेतिकडे पाहिलं. "पण बुढा येते."

ताप नव्हता, गुंगीचं इंजेक्शनही अजून दिलेलं नव्हतं. मी सिस्टरला विचारलं, या पलंगावर पूर्वी कुणी म्हातारा गेला होता का? ती हसायलाच लागली. "अरे दीदी, ये फ्लोर तो अभी-अभी बना है. यहाँ अब तक किसी को मरने का मौका ही नहीं मिला."

मग व्यसन कुठून आलं? तर पिहरीतून. बांबूच्या रानात पावसाळ्यात उगवणारी ही जंगली अळिंबी. बाजारात आली की अख्खं जबलपूर तिच्यावर तुटून पडतं. मामी रोज डब्यात तिची भाजी आणत होत्या. आमचे नवे डॉक्टर बाहेरगावचे. त्यांनी डबा पाहिला, म्हातारा ऐकला, आणि विचारलं, ये मशरूम रोज़ खाते हैं? मामा म्हणाले, बारिश में तो रोज़, इसके बिना खाना नहीं उतरता. न मिळाली तर? बेचैनी होती है, साहब. प्रमाण वाढलंय का? पहले एक कटोरी में हो जाता था, अब दो लगती हैं!

व्यसनाची सगळी लक्षणं मामांनी स्वतःच्या तोंडानं, एकेक करून, मोठ्या प्रेमानं सांगितली होती.

हसू येत होतं, पण लगेच क्रेन आठवली. मामा कारखान्यात क्रेन चालवतात, आणि या फाइलची प्रत थेट कारखान्याच्या मेडिकल विभागात जाते. नशेचा कोड लागलेल्या माणसाला, खाली माणसं काम करत असताना, क्रेनवर कोण बसवेल? आणि क्रेन म्हणजे मामांचा जीव. वर बसून ते तासन् तास कुणाशी न बोलता खूश असतात.

मी डॉक्टरांना लेखी विचारलं, कृपया पदार्थ स्पष्ट करावा. ते स्वतःच आले. "मशरूम."

"सर, वो तो सब्ज़ी है."

"तो वो बूढ़ा कौन है?"

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. म्हणाले, पेशंटनं फक्त सांगावं की मला कुणी दिसलं नाही, मी खोडून टाकतो.

मी आनंदानं मामांकडे गेले. मामांनी सरळ नकार दिला.

"बेटा, पाचवं शील मोडलं, नशा केली, असं त्यायनं लिहिलं. आता ते खोडाले मी चौथं मोडू? खोटं बोलू? बुढा दिसते म्हणजे दिसते."

"मग भूत दिसलं म्हणा!"

"थे बी म्हणत नाही. भूत नसते."

"अहो, मग क्रेन जाईल!"

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जाऊ दे," म्हणाले. मला त्यांचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि इतका अभिमानही कधी वाटला नव्हता.

शेवटी डॉक्टरांनीच तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी पिहरी बंद, साधी खिचडी द्यायची आणि जेवताना आपण सगळ्यांनी समोर उभं राहायचं. दुपारी लख्ख ऊन होतं. समोरचा पेशंट एक्स-रेला गेलेला, शेजारचा पलंग रिकामा. पलंगापाशी मी, मामी आणि डॉक्टर. मामींनी डबा उघडला, मामांनी पहिला घास घेतला.

आणि अगदी कानाजवळ, वैतागलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं – "आज भी नमक कम है."

मला दिसलं कुणीच नाही. पण ऐकलं मी, शपथेवर सांगते. डॉक्टरांनी झटकन मामांकडे पाहिलं. मामांचं तोंड खिचडीनं भरलेलं. मामी डॉक्टरांवरच उखडल्या. "साहेब, तुमी काहून नावं ठेवून राहिले? चाखली का तुमी?"

"मैंने कुछ नहीं कहा," डॉक्टर म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता त्यांचा. मग त्यांनी काय करावं? चमचा घेऊन खिचडी चाखली.

"कम तो है," ते म्हणाले. फाइल उघडली, ती ओळ खोडली, शेजारी सही केली आणि निघून गेले. पुढे तो विषय त्यांनी कधीच काढला नाही, मीही काढला नाही. मी फक्त मूतखडा कोड केला. मामा आता पुन्हा क्रेनवर आहेत.

तो आवाज कुणाचा, हे मला आजही सांगता येत नाही. पाइपातून आला, शेजारच्या खोलीतून आला, सगळं म्हणून पाहिलं, पण पटत नाही.

पण त्या दुपारी डॉक्टर गेल्यावर मामींनी मामांच्या हातातला डबा ओढून घेतला आणि स्वतः एक घास खाल्ला.

"खरंच कमी हाय," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून रोज इचारते, मीठ बरोबर हाय का? अन् तुमी रोज म्हणता, एकदम बरोबर."

मामा खिडकीबाहेर पाहत राहिले.

"कोण होता तो, मले मालूम नाही," मामी डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "पण माणूस खरं बोलणारा होता."