मधल्या भांड्यातलं सूप

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात त्या आठवड्यात तापाने एकाही माणसाला सोडलं नाही. आधी मी पडलो, मी उठतो न उठतो तोच बायको पडली आणि तिच्या पाठोपाठ आई. आईचे हाल सगळ्यात वाईट. बोटांचे सांधे सुजले, मूठ मिटेना आणि त्यात तोंड आलं, गालाच्या आतून नुसते फोड. पाण्याशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, भाज्यांचं पातळ सूप द्या, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावायला घेऊन या. आईला सुईची भारी धास्ती. हे ऐकून तिने तोंड भिंतीकडे केलं.

घरात उभा राहू शकणारा मी एकटाच होतो. स्वयंपाकघरात मी आजवर माठाच्या पुढे गेलो नव्हतो आणि हे चारचौघांत हसत हसत सांगायचो, जसा काही पराक्रमच. बायकोने अंथरुणातूनच सांगितलं, दुधी, गाजर, टोमॅटो कुकरला लावा, गार झालं की मिक्सरमधून काढा, गाळा, चवीपुरतं मीठ टाका. मी म्हटलं, एवढंच ना?

दुधी सोलताना अर्धा सालीबरोबरच गेला. तरी शिट्ट्या झाल्या, गार झालं. मिक्सरची दोन मधली भांडी फळीवर शेजारी शेजारी होती, अगदी एकसारखी. हाताला आलं ते घेतलं, फिरवलं, गाळलं. चमचाभर चाखून पाहिलं. छान लागलं. खरं सांगायचं तर दुधीला एवढी चव असते हे मला तेव्हाच कळलं.

आईला उशीला टेकवून बसवलं आणि चमच्याने पाजायला लागलो. पहिल्या घोटाला ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून गिळला.

"चांगलं शे, भाऊ," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, पोराच्या हातचं पहिल्यांदाच खातेय, जीव भरून आला असेल. त्या भरात मी वाटी पुन्हा भरली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मी कसचा ऐकतो? म्हटलं, एवढं माझ्यासाठी. तीही वाटी तिने संपवली, प्रत्येक घोटाला पदराने डोळे पुसत.

मग उरलेलं सूप मोठ्या दिमाखात बायकोला नेऊन दिलं. तिने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"कोणत्या भांड्यात फिरवलं?"

"मधल्या."

"अहो, मधली दोन आहेत. एक मसाल्याचं."

खानदेशात कुठल्याही घरात जा, मिक्सरचं एक भांडं मसाल्याचं असतं. लाल मिरची, काळा मसाला, रश्श्याचं वाटण, सगळं त्यातच. कितीही घासा, पात्याखालचं तिखट निघत नाही, म्हणून त्यात दुसरं काही कुणी फिरवत नाही. शाळेतल्या पोरीलाही हे ठाऊक असतं. रोज दोन वेळा त्या भांड्यातलं खाणाऱ्या मला ठाऊक नव्हतं. आणि शेवभाजीवर पोसलेल्या जिभेला तेवढं तिखट काय लागणार? मी त्याला दुधीची चव समजलो होतो.

"आईंचं तोंड आलंय ना," बायको एवढंच म्हणाली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी आईच्या खोलीकडे गेलो आणि दारातच थांबलो. धुळ्याहून बहिणीचा फोन आला होता. आई फोड आलेल्या तोंडाने, शब्द सावकाश काढत तिला सांगत होती, "मन्हा आंडोरना हातनं सूप शे. सलाईननं काम नही आते." पोराच्या हातचं सूप आहे, आता सलाईन कशाला, म्हणे! मला आत जाववेना. उलट्या पावली ओट्याशी आलो आणि ते भांडं घासत बसलो, जसं काही आता घासून उपयोग होता. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तिला जाळत होतो आणि आग्रह करत होतो.

संध्याकाळी बायकोला विचारून, दुसऱ्या भांड्यात, पुन्हा सूप केलं. आई ते न थांबता प्यायली. "हाईबी चांगलं शे," म्हणाली. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, तर तिने विचारलं, तू जेवलास का?

पुढच्या आठवड्यात सकाळी चहा करायला गेलो, तर मसाल्याच्या भांड्याच्या झाकणावर लाल ठिपका दिसला. वेडावाकडा, दांड्यापर्यंत ओघळलेला. बायकोला विचारलं, हे तू केलंस?

"मला कशाला लागतो ठिपका?" ती म्हणाली. "आईंनी नेलपॉलिश मागून घेतलं. बाटली तेवढी मी उघडून दिली, त्यांच्या बोटांनी उघडत नव्हती."