टाकीवरचा फेस

निवृत्त झालो आणि शेणवे गावातल्या घरात साहेब झालो. इतकी वर्षं अंधारात उठून कचेरीसाठी आसनगावला लोकल गाठायची आणि अंधारातच परतायचं, त्यामुळे घर माझ्यावाचून उत्तम चालतं हे मला माहीतच नव्हतं. मी लगेच देखरेख सुरू केली.

परसातल्या सिमेंटच्या टाकीला, पाण्याच्या वीतभर वर, पांढरट फेसाचा गोळा चिकटलेला दिसला. बायको तिथेच कपडे धुते. साबणाच्या उधळपट्टीवर मी छोटंसं भाषण दिलं.

"तो फेस माझा नाय," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी शेजारी आणखी एक गोळा. मी कचेरीतल्या चौकशीच्या सुरात विचारलं, "मग काय आभाळातून पडला?" तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बोलणंच बंद केलं.

आमच्या घरात बोलायचं काम तिचं, ऐकायचं माझं. आता ताट समोर यायचं, पण "भात घालू?" नाही. दिवस खायला उठला. तरी माघार घ्यायची तर साहेबपण जाणार, म्हणून मी पुरावा दाखवायचं ठरवलं.

तिला टाकीपाशी बोलावलं आणि काडीने फेस उचलायला गेलो, तर त्यातून काहीतरी वळवळत टपकन पाण्यात पडलं. मागोमाग आणखी. बेडकाची पिल्लं! टाकीवरच्या पत्र्याखाली एक तपकिरी झाडबेडकी भिंतीला चिकटून, पाय आखडून, निवांत बसलेली. ओहोळाकाठची झाडं सोडून बाईंनी आमच्या टाकीवर फेस घुसळून त्यात अंडी घातली होती. बायकोही बघत राहिली, पण अबोला मोडला नाही.

मला इतकी लाज वाटली, की ती झाकायला मी फर्मान काढलं: या पोरांना पाय फुटेपर्यंत टाकीजवळ साबण आणायचा नाही. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि धुण्याची बादली आणून माझ्या पायाशी ठेवली.

बादली घेऊन ओहोळावर गेलो, तर तिथे सगळ्या बायकाच. मी दगडावर चादर आपटायचो आणि पाणी माझ्याच तोंडावर उडायचं. पदर तोंडाला लावून हसणं चाललं होतं. तेवढ्यात माझी बायको येऊन शेजारच्या दगडावर बसली. 'चुकलो' म्हणायला मी तोंड उघडलं.

"साबण जपून लावा," ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून असा काही हरखलो, की अख्खी वडीच हातातून निसटून वाहून गेली.