वजीर बघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय—माहीत नाही.

भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आमचं घर उभं राहिलं, पण आत झोपायची हिंमत कुणात होती? लातूरजवळच्या मुरुडची आमची सगळी गल्ली मैदानात ताडपत्रीखाली राहायला आली. तिथं मामानं मला बुद्धिबळ शिकवलं. जमीन हलली की सोंगट्या पडायच्या. मामा त्या जागच्या जागी उभ्या करायचा आणि म्हणायचा, "हं, खेळ पोरी." भूकंपातल्या दिवसांना सुखाचे म्हणू नये—पण माझे ते सुखाचेच होते.

मामाचा एक नियम होता. समोरच्याच्या वजिरावर नेम धरला की आधी सांगायचं, "वजीर बघ." न सांगता मारला तर तो डाव मामा धरायचाच नाही.

पुढं मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले. तिथं उत्तर बरोबर आलं की झालं. कसं आलं, कोण विचारतं? मामा मुरुडलाच होता. संध्याकाळी फोनवर आमचा डाव चालायचा, दोघांनी आपापला पट मांडून. मी नेहमी हरायची. एकदा क्लासच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळ दिसलं. गंमत म्हणून मामाची चाल त्यात भरली—गंमत कसली? मला जिंकायचं होतं.

मग जिंकतच गेले. कॉम्प्युटर सांगेल ती चाल मी फोनवर वाचायची. "वजीर बघ" तो म्हणत नाही. मीही म्हणेनाशी झाले. तरी मामा ते डाव धरत गेला. मामा चालीला वेळ लावू लागला. एके दिवशी म्हणाला, "पोरी, मला कायबी दिसंना झालंय बघ. डोकंच चालंना. चारचौघांत खेळायची लाज वाटायलीय."

पारावर गावातली पोरं त्याच्याकडून शिकायला जमायची, ते त्यानं बंद केलं. स्वतःचा पट एस.टी.नं माझ्याकडे पाठवून दिला.

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं—मामा, तुला हरवणारी मी नव्हतेच. ओठांवर आलंही होतं. आणि म्हणाले काय? "वय झालं मामा. व्हायचंच."

"हाव," तो म्हणाला. "तू हुशार निघालीस, लई झालं."

मामा आता नाही. आपली बुद्धी गेली असं समजूनच तो गेला.

"वजीर बघ" म्हणायला मी विसरले नव्हते. रोज आठवायचं. म्हटलं नाही.