वर्गातली सिनेट आणि वालाचं बिरडं

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. टेकअवेबरोबर आलेली चिली सॉसची पाकिटं जशी फ्रीजच्या दारात आपोआप साठत जातात, तसे ते साठतात. मग एखाद्या रविवारी चार मित्रमंडळी जेवायला येतात, कोणीतरी विचारतं, "काय गं सायली, तुझं ते युनिव्हर्सिटीतलं कसं चाललंय?" की दार उघडलंच म्हणून समजा!

माझं 'ते युनिव्हर्सिटीतलं' म्हणजे असं. मी मूळची पुण्याची, इथे सिंगापूरला राज्यशास्त्रात पोस्टडॉक करते. आमच्या प्रोफेसरबाई अमेरिकन. उमेदीची वर्षं त्यांनी तिथल्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, एका सदस्याची भाषणं लिहिण्यात घालवली. आता शिकवतात, आणि शिकवताना वर्गाचीच सिनेट करून टाकतात. दोन पक्ष, लाल आणि निळा. विधेयकं आणायची, न्यायाधीशांची नावं सुचवायची, मतदान करायचं.

यातली सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे फिलिबस्टर. अल्पमतातला एखादा सदस्य नुसता बोलत राहून मतदान रोखून धरू शकतो! विषय कुठलाही चालतो. बसायचं नाही, खायचं नाही, घोटभर पाणी चालतं. दर पाच सदस्यांमागे तिघांनी "आता पुरे" असं मत दिलं, तरच त्याला थांबवता येतं.

माझं काम नावं पुकारायची, मतं नोंदवायची आणि तोंड बंद ठेवायचं. गेल्या सत्रातल्या वर्गाने मात्र ते बंद राहू दिलं नाही. मी बहुतेक वेळ आ वासूनच बसलेली असायचे!

*

पहिल्या दिवशी मुलांना वाटलं, आपापल्या मतांप्रमाणे पक्ष निवडायचा असेल. बाई म्हणाल्या, "छे! चिठ्ठ्या." डबा फिरला, ज्याला जी चिठ्ठी आली तो त्या पक्षात.

जेरेमी आणि फरहान शाळेपासूनचे दोस्त, ते दोघंही लालमध्ये आले. जेरेमी लगेच नेता झाला. त्याचा आवाजच तसा आहे, कँटीनमध्ये ऑर्डर दिली तरी जाहीरनामा वाटतो. निळ्या पक्षाकडे इरा. ही आमची मराठी मुलगी, इथल्याच टॅम्पिनीस भागात वाढलेली. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मला मात्र न चुकता 'सायलीताई' म्हणते.

थोड्याच दिवसांत बघते तर कँटीनमध्ये दोन टेबलं. एक लाल, एक निळं! मी जेरेमीला विचारलं, "अरे, इराशी तुझं नेमकं कशावरून पटत नाही?"

तो विचारात पडला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "दॅट वन नॉट शुअर येट, लाह. बट कॅनॉट ट्रस्ट देम!"

एका चिठ्ठीत एवढी ताकद!

*

हे फिलिबस्टर प्रकरण मी व्हिडिओ कॉलवर बाबांना समजावून सांगत होते. बाबा आमच्या पुण्यातल्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी. मला वाटलं, चकित होतील. कसचं काय!

"अगं, आमच्याकडे हे पहिल्यापासून आहे. फक्त त्याला नाव नव्हतं. सबनीस!"

"म्हणजे?"

"पार्किंगचा ठराव आला की सबनीस उभे राहतात. प्लॉट घेतला तिथपासून सुरुवात करतात. सभासद एकेक करून घरी जातात, कोरम संपतो, ठराव बारगळतो."

"मग तुम्ही त्यांना बोलू का देता? थांबवा की!"

"थांबवतो कशाला? मागे ते आजारी होते, सभेला आले नाहीत. ठराव कसा झटक्यात मंजूर झाला! नंतर कळलं, नवीन पार्किंग थेट फाटकाच्या तोंडात काढलंय. तेव्हापासून सभेच्या आधी सगळे जण सबनीसांची तब्येत विचारून येतात!"

हे वाक्य मी बाईंना सांगितलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "या गृहस्थांवर कोणी प्रबंध लिहिलाय का?"

*

लाल पक्षाकडे बहुमत होतं, पण पाचांत तीन इतकं नव्हतं. त्यांनी एका धरणाचं विधेयक आणलं. आणि इरा उभी राहिली.

एवढीशी मुलगी, मागच्या बाकावरून दिसतही नाही. आधी धरणावर बोलली, मग नदीवर, मग धरणाखालच्या शेतीवर. शेतात काय पिकतं, तर वाल. आणि वालाचं काय करतात?

बिरडं!

जेरेमी ताडकन उठला. "प्रोफ! याचा विधेयकाशी काय संबंध?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "संबंध लागतो असं तुला कोणी सांगितलं?"

इरा पुढे चालू. रविवारी तिची आई तिला वाल सोलायला बसवते, त्या सगळ्या रविवारांचा वचपा तिने त्या दिवशी काढला. वाल भिजवायचे. फडक्यात घट्ट बांधायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे. "मग एक वाल घ्यायचा. दोन बोटांत दाबायचा. साल बाजूला, डाळिंबी बाजूला. मग दुसरा वाल घ्यायचा..."

वर्ग जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधीचा. लाल पक्षाच्या तोंडाला हळूहळू पाणी सुटायला लागलं. इराचा आवाजही बसत चालला होता. आता ही थांबणार, आणि मतदान होणार!

तेवढ्यात फरहानने हात वर केला. बोलणाऱ्याला मध्येच प्रश्न विचारलेला नियमात बसतो. "माननीय सदस्यांना एक प्रश्न. मोड यायला किती वेळ लागतो?"

इराने बाटली उघडली. सावकाश पाणी प्यायली, खाकरून घसा साफ केला. "फार छान प्रश्न. त्यासाठी मला पहिल्यापासून सांगावं लागेल."

तास संपला, विधेयक लटकलं. जेरेमी फरहानवर धावूनच गेला. "तू नक्की कोणत्या पक्षाचा?"

"ब्रो, भूक लागली होती!"

पुढच्या तासाला इराच्या आईने भलामोठा डबा भरून बिरडं पाठवलं, दोन्ही पक्षांसाठी. जेरेमीने "अंडर प्रोटेस्ट" असं जाहीर करून खाल्लं. आणि मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं!

*

त्यानंतर न्यायाधीशांची पाळी आली. लाल पक्षाने सर्वोच्च न्यायालयासाठी फरहानचं नाव सुचवलं. आता त्याची जाहीर चौकशी. जेरेमीने त्याला रात्रंदिवस पढवलं होतं, "काहीही विचारलं तरी अडकायचं नाही."

इराने विचारलं, "सरकारने नागरिकांची खासगी पत्रं वाचावीत का?"

"हा विषय उद्या माझ्यासमोर खटला म्हणून येऊ शकतो. त्यामुळे आत्ता बोलणं योग्य नाही."

"मतदानाचा हक्क काढून घेता येतो का?"

"हाही विषय उद्या माझ्यासमोर येऊ शकतो."

असे बरेच प्रश्न झाले. शेवटी इरा वैतागली. "बरं, आज सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?"

फरहानने कोट सारखा केला. "माननीय सदस्य, नाश्ता मी ज्या स्टॉलवर केला, त्याचं शेजारच्या स्टॉलशी भांडण चालू आहे. त्यामुळे..."

सगळा वर्ग हसत सुटला! बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मला म्हणाल्या, "सायली, खऱ्या चौकशीत याच्यापेक्षा जास्त माहिती मिळते असं समजू नकोस."

*

निळ्यांना फरहान काही पसंत पडला नाही. नाव मतदानाला आलं की त्यांच्यातला कोणीतरी उभा राहायचा आणि बोलत सुटायचा. लालकडे त्यांना थांबवण्याइतकी मतं नव्हती. जेरेमी पार मेटाकुटीला आला.

मग त्याने एक तोड काढली. नियम मोडायचा नाही, नियमाचा अर्थच बदलायचा! नियमाचा अर्थ काय, हे सभागृह साध्या बहुमताने ठरवू शकतं. तो उठून म्हणाला, "न्यायाधीशांच्या बाबतीत चर्चा थांबवायला साधं बहुमत पुरे, असं सभागृहाने ठरवावं."

इरा पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली. "जेरेमी, उद्या तुम्ही अल्पमतात गेलात तर?"

"उद्याचं उद्या!"

हात वर झाले, मी मोजले. इतकं सोपं असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. ज्या नियमाने आख्खा पक्ष अडवून धरला होता, तो एकदा हात वर करून खाली घेईपर्यंत संपला! फरहान न्यायाधीश झाला. पण टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. लाल पक्षानेही नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले, चालू एसी अचानक बंद पडल्यावर बघतात तसे.

*

सत्राच्या मध्यावर बाईंनी 'निवडणूक' घेतली. म्हणजे पुन्हा चिठ्ठ्या, पण या वेळी फक्त काही जागांसाठी. लालमधला एक जण निळ्यात गेला आणि पारडं फिरलं. निळ्यांचं बहुमत, तेही एका मताचं!

दुसऱ्याच दिवशी जेरेमी बाईंच्या खोलीत. मी तिथेच बसले होते. पंधरवड्यापूर्वी वाघासारखा गरजणारा मुलगा खुर्चीच्या कडेवर टेकला होता.

"प्रोफ, तो जुना नियम परत आणता येईल का? म्हणजे, अल्पमताचा आवाज ऐकला जाणं हे लोकशाहीत फार..."

बाईंनी त्याला पुरं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "हे भाषण मी लिहिलेलं आहे, जेरेमी. आमच्या साहेबांसाठी. ते अल्पमतात होते तेव्हा. पुढे ते बहुमतात आले, तेव्हा याच्या बरोबर उलटं भाषण लिहिलं. तेही त्यांच्यासाठीच."

जेरेमीने विचारलं, "त्यांना त्यातलं खरं कोणतं वाटायचं?"

"दोन्ही!" बाई म्हणाल्या. "मनापासून. ते बघितलं आणि मी नोकरी सोडली."

*

आता शेवटच्या तासाची गोष्ट. ही मी सांगते तेव्हा मंडळी हातातला घास हातातच धरून ठेवतात.

निळ्या पक्षाने न्यायाधीश म्हणून इराचं नाव आणलं. बाईंनी त्या दिवशी पैज लावली होती. नाव मंजूर झालं तर निळ्यांना सत्राअखेरचा मोठा निबंध माफ, पडलं तर लालना माफ. निबंध म्हणजे थट्टा नव्हती, परीक्षांच्या ऐन गर्दीत चार-पाच रात्री खाणारं काम. दोन्हीकडे चेहरे ताणलेले.

विरोधात बोलायला जेरेमी उठला. हातात कागद नाही, आवाजात तो जाहीरनामा नाही.

"बोलत राहून मतदान थांबवायची सोय आता माझ्याकडे नाही. ती मीच घालवली. म्हणून थोडक्यात बोलतो. इरा माझ्यापेक्षा हुशार आहे. पण न्यायाधीशाला हुशारी पुरत नाही. आपल्या माणसांविरुद्ध, वेळ आली तर स्वतःविरुद्ध निकाल देता आला पाहिजे. या आख्ख्या सत्रात इराने एकदाही आपल्या पक्षाविरुद्ध मत दिलेलं नाही." मग त्याने स्वतःकडे बोट केलं. "मीही नाही. म्हणून मी माझं नाव कधी पुढे केलं नाही."

आणि खाली बसला.

मी नावं पुकारायला घेतली. निळ्यांचे सगळे "हो". लालचे सगळे "नाही". फरहान "नाही". जेरेमी "नाही". ज्याच्या नावावर मतदान आहे त्याला शेवटी पुकारायचं, ही बाईंची पद्धत. तिथवर आलो तेव्हा बरोबरी झाली होती. राहिलं होतं एकच मत, तिचं स्वतःचं. निळ्यांनी बॅगांच्या चेन लावायला सुरुवातही केली.

"इरा," मी म्हटलं.

ती उठून उभी राहिली. मतदानाला उभं राहायची गरज नसते. तिने जेरेमीकडे बघितलं नाही. आपल्या पक्षाकडे बघितलं, एकेकाकडे, अगदी शेवटच्या बाकापर्यंत.

"नाही," ती म्हणाली.

मागून कोणीतरी "व्हॉट?" म्हणून ओरडलं. तिची शेजारची मैत्रीण तिची बाही ओढत होती. इरा तशीच उभी. माझा पेन कागदावर टेकलेला, पण अक्षर उमटेना. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "सायली, मत नोंदव."

मी नोंदवलं. एका मताने नाव पडलं होतं. लाल पक्षाला निबंध माफ झाला होता, आणि त्यांच्यातला एकही जण हसत नव्हता. बाईंनी निकाल सांगायला हातोडा उचलला.

तेवढ्यात जेरेमी इतक्या झटक्यात उठला, की त्याची खुर्ची धाडकन मागे पडली.

"अध्यक्ष महोदया! निकाल अजून जाहीर झालेला नाही. मला माझं मत बदलायचंय."