नगरच्या तीन गिटारींचा लाईव्ह अल्बम

बातमीदाराकडे दोन प्रकारचा माल साठतो. एक छापून येतो, दुसरा खरा असतो. नगर जिल्ह्यातल्या तीन गिटारवाल्यांनी मिळून रॉकचा लाईव्ह अल्बम केला, त्याची बातमी मी सविस्तर पाठवली होती. डेस्कने चार ओळी ठेवल्या आणि त्यातही 'गिटारचे मधुर सूर' असं पदरचं घातलं. रॉक ऐकलेल्या माणसाने 'मधुर' लिहून दाखवावं. उरलेला माल माझ्याकडे तसाच पडून आहे.

आधी तिघांची ओळख. दत्ता श्रीगोंद्याचा, साखर कारखान्यात फिटर. विलास सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटी तपासतो. आणि नगरचे रफिकभाई, साठी ओलांडलेले. त्यांनी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात गायकांच्या मागे उभं राहून वाजवलं. गायकाचं नाव पुकारलं जाई, मंडपवाल्याचंही जाई, यांचं नाही. आता बोटं आखडायला लागली होती. ती पुरती आखडण्याआधी एक रेकॉर्डिंग स्वतःच्या नावावर हवं, एवढीच त्यांची इच्छा. अल्बमचं खूळ त्यातूनच निघालं.

*

गळीत हंगामात दत्ताला सुट्टी नसते, म्हणून तालमी हंगाम संपल्यावर, त्याच्याच शेतातल्या शेडमध्ये. दत्ताची बोटं विजेसारखी चालतात, पण सोलो सुरू झाला की थांबायचं कुठे, हे त्याला कळत नाही. एकदा विलास मधूनच उठला, निवांत चहा पिऊन आला, तरी सोलो चालूच.

"दत्ता, कारखाना बंद झाला की. तू का अजून गाळतोयस?"

दत्ता वाजवता वाजवताच म्हणाला, "ऊस शिल्लक हाय अजून."

*

विलासचं दुखणं वेगळं. दिवसभर कंपनीत पार्ट नाकारायची सवय. तालमीतही कोणी काही वाजवलं की हा मान हलवायचा, "रिजेक्ट."

दत्ता एकदा तडकला. "वाईट काय हुतं त्यात?"

"वाईट काही नव्हतं. पास करण्यासारखं काय होतं ते सांग."

दत्ता रफिकभाईंकडे वळला. "चाचा, ह्याला ह्याच्या बायकोनं कसा काय पास केला असंल?"

उत्तर विलासनेच दिलं. "तिने सँपल तपासलं नव्हतं."

*

पहिला शो कर्जतला. उद्घाटनाला एक पुढारी आले, दोन मिनिटं थांबले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात फोटो आला: पुढारी तीन कॉलम, आणि त्यांच्या कानामागून बाहेर आलेलं गिटारचं टोक. कलाकार कापलेले. मी डेस्कला फोन करून फैलावर घेतलं. तिकडून शांतपणे उत्तर आलं, "वाद्य दिसतंय ना? मग झालं."

*

त्याच शोला पुण्याहून आलेला रेकॉर्डिस्ट घामाघूम झाला होता. मैदान गच्च भरलेलं, तिघे जीव तोडून वाजवताहेत, आणि टाळी म्हणून नाही. शेवटी न राहवून त्याने पुढे मांडी घालून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "बाबा, आवडलं नाही का?"

"आवडलं की."

"मग टाळ्या?"

"मानसं कामात हायती. मधीच टाळ्या वाजवून त्यांचं ध्यान कशाला मोडायचं?"

टाळ्यांशिवाय लाईव्ह वाटणार नाही, दुसरीकडच्या टाळ्या चिकटवू, असं रेकॉर्डिस्ट म्हणाला. मी तिथेच भांडलो. बाहेरून टाळ्या आणणं सभेत चालतं, संगीतात नाही. कर्जतचं रेकॉर्डिंग बाद झालं. रेकॉर्डिस्टकडे आणखी एकच संध्याकाळ मोकळी होती, ती नगरच्या हॉलची.

*

नगरला टाळ्या पडल्या. मग रफिकभाईंचा सोलो आला. डोळे मिटलेले, बोटं कुठेही आखडत नव्हती. तीस वर्षं कार्यक्रम कव्हर करतोय, असं वाजलेलं मी ऐकलेलं नाही.

तेवढ्यात आयोजक माईकवर आले. ज्येष्ठ कलाकाराचा सत्कार मध्यंतरानंतर ठरला होता. पण प्रमुख पाहुण्यांना एका लग्नाला जायचं होतं. म्हणून आत्ताच. "आपल्या नगरचे ज्येष्ठ गिटारवादक, श्रीमान रफिक इस्माईल शेख यांचा सत्कार..." रीतीप्रमाणे नाव दोनदा घेतलं. पाहुण्यांनी शाल घातली. फेटा बांधायला रफिकभाईंनी वाजवता वाजवताच मान खाली केली, एक सूर चुकला नाही. नारळ धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून तो दत्ताने घेतला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ऐकलं. ऐन सोलोवर आयोजकांचा आवाज. मी आयोजकांना फोनवर जे बोललो ते छापण्यासारखं नाही. विलास डोकं धरून बसला होता, रिजेक्टसुद्धा म्हणेना.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, "पूर्ण निघणार नाही. पण निवेदन बरंचसं दाबता येईल, चाचा."

रफिकभाईंनी हेडफोन लावून तेवढाच तुकडा ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. मग एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"असं करा," ते म्हणाले, "गिटार जरा खाली घ्या. नाव नीट ऐकू येत नाही."