तळाचा गाळ

सांगलीहून पलूसला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. चाळिशीचा असावा. ॲसिडने पिवळी पडलेली त्याची बोटे मांडीवरच्या डब्याला घट्ट धरून होती. गाडीने करकचून ब्रेक लावला, डबा उलटला आणि काळा चिखल माझ्या चपलांवर पसरला. मी रुमालाने त्या पुसल्या.

"पाय उचला समद्यांनी!" असे म्हणत तो ओल्या फडक्याने चिखल टिपू लागला.

कंडक्टर म्हणाला, "आवं, चिखल पुसायला डेपोत माणसं हायती की."

"चिखल न्हाई, गड्या. तांबं शुद्ध करताना टाकीच्या तळाला बसतो तो गाळ हाय. ह्यात चांदी हाय, सोनंबी हाय. कारखान्याच्या मालकाकडनं मागून आणलाय."

"मग आमी सोन्यावरनं चाललोय म्हणा!"

लोक हसले. तो हसला नाही.

पुसता पुसता त्याने मला सांगितले: त्याच्या घरी गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा, पिढीजात धंदा होता. सराफांच्या दुकानातला सोन्याचे कण असलेला केर आता पुरेसा मिळत नव्हता आणि वडिलांनी भट्टी मोडायचे ठरवले होते. आज त्याच भट्टीत या गाळातून चांदी काढून त्यांना दाखवायची, एवढेच त्याच्या मनात होते.

पत्र्याच्या खाचेतला गाळही त्याने सोडला नाही. उतरताना तो माझ्यापुढे थांबला.

"काका, तुमचा रुमाल द्या. फडक्यासंगं जाळून राखेतनं काढतो."

"त्यात कितीसे असणार?"

"असंल तेवढं काढायचं."

रुमाल परत येणार नव्हता. मी दिला. तो न झटकता त्याने घडी घातली आणि डब्यात ठेवला.