किती टनाची हीट

कूलरमध्ये नवीन खस भरली की तिच्या ओल्या वासाबरोबर मला स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवते.

प्लांटमधल्या नोकरीचं माझं पहिलं वर्ष होतं. साहेबांसमोर इंग्रजीत प्रेझेंटेशन देताना माझी बोबडी वळली आणि माझ्या स्लाइड दुसऱ्यानेच वाचल्या. पुढच्या वेळी मीच बोलणार, असं ठरवून मी रोज इंग्रजी बातम्या लावायचे आणि निवेदिकेमागून प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणायचे. त्या दुपारी मी "हीट वेव्ह" म्हटलं, तसे पलंगावर पडलेले बाबा उठून बसले. त्यांचा जन्म भट्टीवर गेला होता, आणि भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या पोलादाला तिथे हीटच म्हणतात.

"किती टनाची हीट म्हणून राहिली ते बाई?"

"नाही जी बाबा, ते उन्हाचं सांगून राहिली."

"मंग हीट कावून म्हणते?"

तेव्हा मी नुसती हसले. पण पुढच्या प्रेझेंटेशनला पहिलंच वाक्य सुचेना, तेव्हा बाबांचा तो प्रश्न आठवला. माझा विषयही भट्टीतली हीटच होता. हा शब्द मला कुठे शिकावा लागला नव्हता, तो बाबांच्या डब्यासोबत रोज घरी यायचा. बाबांच्या त्या प्रश्नापासूनच सुरुवात केली आणि शेवटपर्यंत मीच बोलले.

आता बाबा नाहीत. मघाशी टीव्हीवर हीट वेव्हची बातमी लागली, आणि रिकाम्या पलंगाकडे पाहत मीच विचारलं, "किती टनाची?"